समास न कापता पुस्तक बांधून देणारे वसईतले बाईंडिंगवाले काका

रिव्ह्यू थोडा लांब होणार आहे, कारण मी बांधायला दिलेलं पुस्तक साधं नव्हतं, माझ्या आजीचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. वसई गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुने बाईंडिंगवाले काका बसतात. दुकानाला धड पाटी पण नाही, आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा, एक कटिंग मशीन आणि छतापर्यंत कॉलेजच्या पोरांची ब्लॅकबुकं, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेले प्रोजेक्ट. बाहेरून बघून वाटतं इथे फक्त प्रोजेक्टच बांधत असतील, मी पण दोनदा तसंच समजून पुढे निघून गेले होते.

पुस्तक तळहातापेक्षा थोडंसं मोठं, आजीला लग्नात माहेरून मिळालेलं. ती चौथीपर्यंतच शिकलेली पण रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की हे मांडीवर घ्यायची आणि ओळीखाली बोट ठेवून ठेवून वाचायची. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमध्ये असायची, फादर 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणायचे आणि लोक 'एत कुम स्पिरितू तुओ' म्हणून मोकळे, अर्थ कुणी विचारायचा नाही, सगळं तोंडपाठ. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ झाली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. आजी सांगायची, पहिल्यांदा देवळात मराठी मिस्सा ऐकली तेव्हा तिला रडू आलं, कारण इतकी वर्षं आपण फादरांना काय उत्तर देत होतो ते तिला त्या दिवशी कळलं. हे ती मला निदान वीस वेळा तरी सांगून गेली असेल आणि प्रत्येक वेळी डोळे पुसायची.

आणि ती समासात लिहायची. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोण कधी गेलं, कुठल्या वर्षी वाऱ्याने राजेळी केळी आडवी झाली आणि त्यामुळे सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घातली नाहीत. संतांच्या लितानीच्या, म्हणजे एकेका संताचं नाव घेत म्हणायच्या प्रार्थनेच्या, पानावर कडेला लिहिलंय, 'विहीर खारट झाली, १९८९'. वसईच्या माणसाला एवढंच वाचून सगळं आठवेल, टँकरवाले विहिरी उपसून न्यायचे ते दिवस, धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली ते दिवस. आमच्या घरात याची दुसरी कुठलीच नोंद नाही, आहे ती या प्रार्थनापुस्तकाच्या कडेला. शिवाय पानापानात घातलेली मयताची आठवणकार्डं, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रूस, मोगऱ्याची चपटी होऊन तपकिरी पडलेली फुलं.

मला बाईंडिंगची एवढी भीती का ते पण सांगते. काही वर्षांपूर्वी पप्पांनी 'सुवार्ता'चे जुने अंक दुसऱ्या एका ठिकाणी बांधायला दिले होते, नाव घेत नाही. 'सुवार्ता' हे १९५५ पासूनचं ख्रिस्ती मासिक, आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासूनचे अंक जपलेले आणि पप्पांची सवय म्हणजे लेख वाचता वाचता कडेला पेनाने आपलं मत लिहायचं. त्या माणसाने गठ्ठा मशीनखाली घातला आणि तिन्ही बाजूंनी कापून एकदम गुळगुळीत करून दिला. पप्पांच्या प्रत्येक ओळीचा अर्धा भाग गेला, काही पानांवर तर छापलेली शेवटची अक्षरं पण गेली. पप्पा काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी समासात लिहिणं बंद केलं, ते मला अजून लागतं.

म्हणून काकांकडे पुस्तक दिलं तेव्हा माझा हात सुटत नव्हता. त्यांनी ते घेतलं, चार पानं उलटली आणि विचारलं, "ताई, कडेचं लिवलेलं ठेवायचंय ना?" मी हो म्हणाले. "मग सुरी लावत नाय. कडा वरखाली दिसतील, चालेल?" मला तर तिथेच बसून रडावंसं वाटलं.

पुढचं काम मी दोन-तीनदा जाऊन बघितलं. आधी त्यांनी पानांतली एक एक वस्तू बाहेर काढली आणि प्रत्येकीसाठी वेगळी कागदाची पुडी केली, वर पेन्सिलीने लिहिलं, 'पान ११४, झावळी', 'पान ६०, फुलं ३'. हे मी सांगितलेलं नव्हतं. मग सगळे फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, सोडवले, जिथे घडीवर कागद फाटला होता तिथे पतंगाच्या कागदाइतक्या पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि दोऱ्याला मेण लावून हाताने शिलाई घातली. खळ मैद्याची, त्यात थोडं मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. आजोबांनी कधीतरी एका पानाला सेलोटेप लावलेली, पिवळी पडून कडक झालेली, ती हेअर ड्रायरने गरम करत करत सोडवली, त्या एका पानाला अर्धा तास गेला आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. आता पुस्तक उघडून ठेवलं की उघडंच राहतं, आधी अंगठ्याने दाबून धरायला लागायचं आणि मग जपमाळेचे मणी कसे मोजणार. पुठ्ठ्यावर गडद निळं कापड, रेक्झिन नको म्हणून त्यांनीच सांगितलं, आपल्या दमट हवेत रेक्झिनचे पापुद्रे सुटतात म्हणे. आणि पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल आतच कोंडते, फळीवर उभं ठेवा आणि अधूनमधून पानं फडफडवा.

हे ऐकताना मला सारखं 'ख्रिस्तपुराण' आठवत होतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ओव्यांमध्ये अख्खी ख्रिस्तकथा लिहिली. १६१६ ला छापलं, मग १६४९ आणि १६५४ ला परत, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही छापील प्रत हाताशी नाही. लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून ते राहिलं आणि १९०७ ला मंगळूरला पुन्हा छापता आलं. या किनाऱ्यावर पुस्तक आपोआप टिकत नाही, कुणीतरी बसून टिकवावं लागतं.

दुसरं पुस्तक माझं स्वतःचं होतं, फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. जानेवारी २०२० ला ते उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पप्पांनी सगळ्या गल्लीला टीव्हीसमोर बसवलं होतं. मी हे सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून वाचते, एक परिच्छेद, कधी दोन, त्यामुळे चहाचे डाग आहेत आणि स्तोत्रांपाशी कणा मधोमध फुटला होता. ते पण मस्त झालंय, नवीन कणा, आत दोन फिती, एक स्तोत्रांसाठी आणि एक त्या दिवशीच्या वाचनासाठी.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. आठ दिवस सांगितले आणि साडेतीन आठवडे लावले. जुलै महिना, खळ वाळत नव्हती हे मान्य, पण फोन उचलून सांगायला काय हरकत होती, मी पावसात तीन फुकट फेऱ्या मारल्या. दुसरं, सोनेरी अक्षरांसाठी त्यांच्याकडे देवनागरीचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकाच मापाचे आहेत, त्यामुळे आजीच्या छोट्या पुस्तकाच्या कण्यावर 'प्रार्थना' मावतच नव्हतं, शेवटी पुढच्या पुठ्ठ्यावर टाकलं आणि त्यातला रफार जरा वर सरकलाय. एवढ्या निगुतीने केलेल्या कामावर तो डोळ्याला खटकतो, मी तसं काकांना सांगितलं पण. प्रार्थनापुस्तकाचे साडेतीनशे आणि बायबलचे पाचशे रुपये घेतले. हाताची शिलाई बघता हे पैसे कमीच आहेत, मी जास्त देऊ केले तर घेतले नाहीत.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, पुस्तक सिमेट्रीत घेऊन गेलो. कबरीवर मेणबत्त्या लावल्या, झेंडू घातला, वारा होता म्हणून दोघं जण मेणबत्त्यांना आडोसा करून उभे आणि पप्पांनी समासातली नावं एक एक करून वाचली. शेवटच्या नावानंतर ते थांबले. आजीचं नाव त्यात नव्हतंच, ती गेल्यावर कुणी लिहिलंच नव्हतं. घरी आल्यावर पप्पांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि ज्या पानावर झावळीचा क्रूस असतो तिथे कडेला तिचं नाव आणि तारीख लिहिली.

पुढच्या आठवड्यात 'सुवार्ता'चे राहिलेले सुटे अंक काकांकडे घेऊन जाणार आहे. कुणाला जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर ब्लॅकबुकवाल्या पोरांची रांग लागते आणि काकांना नीट बोलता येत नाही.