मापात पाप: खाणकामगाराच्या केबिनमध्ये एक हिवाळा

‘भाड्यात एक कॉर्ड सरपण धरलेलं आहे.’ (कॉर्ड हे तिकडचं सरपण मोजायचं माप.) जाहिरातीतल्या या एका ओळीवरून मी अख्खा हिवाळा भांडलो. त्यामुळे आधी सरपण, मग केबिन. बाहेरचा संडास, एकच खोली, मागे पडवीवजा स्वयंपाकघर, फोनला रेंज नाही हे सगळं जाहिरातीत फोटोसकट आहे. ते वाचूनच घेतलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

जागा नेवॅडा सिटीच्या वर, सान वान रिजवर. (नाव काहीही असो, हे गाव कॅलिफोर्नियातच आहे.) आम्ही फोल्समला राहतो. ऑबर्नवरून हायवे 49 धरायचा, शेवटचा कच्चा रस्ता धरून दोन तास. नोव्हेंबर ते एप्रिल, महिन्याला 900 डॉलर, मित्राच्या कुटुंबाबरोबर निम्मं निम्मं, शनिवार-रविवार आलटून पालटून. तिकडच्या हॉटेलांचे दर पाहिलेत तर हिशेब सांगायला नको.

पहिल्याच शनिवारी रचलेल्या लाकडांची थप्पी पाहिली आणि शंका आली. गाडीत मोजपट्टी असतेच. लांबी 8 फूट, उंची 4 फूट, इथवर ठीक. पण ओंडके 16 इंची आणि रांग एकच! कॉर्ड म्हणजे 4 × 4 × 8, म्हणजे 128 घनफूट. ही थप्पी भरली जेमतेम 43. बरोबर एक तृतीयांश. मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, इकडे यालाच फेस कॉर्ड म्हणतात.’ म्हणत असतील. कॅलिफोर्नियाच्या वजन-मापाच्या नियमात सरपण कॉर्डमध्ये किंवा कॉर्डच्या भागातच विकायचं असतं, ‘फेस कॉर्ड’ हे मापच चालत नाही. मी हे लिहून पाठवलं. उत्तर आलं की आम्ही लाकूड विकत नाही, भेट देतो. मग जाहिरातीत कशाला लिहिता? तीन आठवडे आणि अकरा ईमेलांनंतर आणखी एक थप्पी आली. म्हणजे दोन तृतीयांश. उरलेला भाग माझ्या दृष्टीने आजही येणं आहे.

बरं, आलेलं लाकूड ओलं. तीस डॉलरचा ओलावा मोजायचा मीटर घेतला, ओकचा ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचला: 34 टक्के. जाळायला 20च्या आत हवं. शेगडीत घातलं की ओंडक्याच्या टोकांतून फेस येऊन सूंऽऽ आवाज. ऊब नाहीच, नुसता धूर.

जानेवारीत एका रात्री दोन वाजता कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलला. खोलीत निळसर धूर, मुलगी खोकतेय. दारं-खिडक्या सताड उघडून, ब्लँकेटं गुंडाळून चौघेही गाडीत बसलो. बाहेर बर्फ. त्या रात्री गाडीतच ठरवलं की एक स्टार द्यायचा आणि ओल्या लाकडाचा फोटो टाकायचा.

इथवर जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. तसंच ठेवतोय. पुढचं मे महिन्यात लिहितोय आणि थोडं पडतं घ्यावं लागतंय.

फेब्रुवारीत आई सांगलीहून आली होती. मी आपला मीटर घेऊन थप्पीजवळ उभा. तिने दोन ओंडके उचलले, एकमेकांवर आपटले. एक जोडी टण्ण वाजली, दुसरी बद्द. टण्णवाली डावीकडे, बद्दवाली उजवीकडे, असं करत दहा मिनिटांत सगळी थप्पी निवडली. मी गुपचूप मीटर लावून पाहिला, चारच ओंडके चुकले. ‘हे बद्दवालं बंबात घातलं असतं तर तुझे आजोबा पारोसेच ऑफिसात गेले असते,’ म्हणाली. मग शेगडीकडे वळली. मी रात्री लाकूड वाचावं म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करून झोपायचो. तिने विचारलं, ‘अरे, चुलीचं तोंड दाबून कुणी निजतं का?’

हेच नेमकं पुढच्या आठवड्यात धुराडं साफ करणाऱ्याने सांगितलं, फक्त 225 डॉलर घेऊन. धुराड्याच्या टोकाला ठिणग्या अडवायची जाळी असते, वणव्यांच्या मुलखात ती लागतेच. ती जाळी डांबरासारख्या काळ्या चिकट थराने पार बुजली होती. ओलं लाकूड, त्यात हवा कमी, म्हणजे आग धुमसते. धूर वर जाता जाता थंड होतो आणि धुराड्याला आतून चिकटतो. तो थर पेटला तर धुराड्यालाच आग लागते. त्याने खरवडून काढलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, काळ्या काचेसारखा चकाकत होता. लाकूड मालकांचं ओलं, साफसफाई त्यांनी केलेली नाही, पण झडप बंद करणारा मी. निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे मी. हा एकच हिशेब ईमेलशिवाय मिटला.

त्यानंतर मात्र केबिनने जीव लावला, ते लपवत नाही. आईने इन्सेन्स सीडरच्या ढलप्या काढायच्या (हे लाकूड सुरीने पापुद्रे निघावेत तसं फुटतं), वर मँझनिटा या तिकडच्या झुडपाच्या काटक्या, मग वाळका ओक. वीस मिनिटांत शेगडीवर पिठलं रटरटायला लागायचं.

केबिन ‘1880च्या आसपासची’ हा दावा मी अर्थातच तपासला. पुढच्या खोलीचे खिळे चौकोनी, मागच्या पडवीचे गोल. तारेचे गोल खिळे सर्रास वापरात आले ते 1890च्या दशकात, म्हणजे पुढच्या खोलीपुरतं मालक बहुधा खरं बोलतात. पडवी नंतरची. भिंतीच्या फळ्यांवर वारा अडवायला चिकटवलेली वर्तमानपत्रं एका कोपऱ्यात अजून आहेत. मुलीने त्यातली एका बुटांची जाहिरात वाचून काढली. उंदीर आहेत, अन्न डब्यात ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाने भिजवा, तिकडच्या उंदरांपासून हंटाव्हायरसचा धोका असतो.

मॅलाकॉफ डिगिन्सचा खड्डा जवळच आहे. डोंगरावर पाण्याच्या प्रचंड तोफा सोडून माती धुवायची आणि सोनं काढायचं, असा उद्योग होता. धुतलेला सगळा गाळ युबा नदीतून खाली मेरीसव्हिलच्या शेतांपर्यंत जायचा, पूर यायचे. शेवटी जानेवारी 1884 मध्ये न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला बंदी केली. आज तिथे पांढरे-नारिंगी कडे उभे आहेत, संध्याकाळच्या उन्हात बघत राहावेत असे. पण धुतलेल्या मातीतलं सोनं पकडायला ती वाहायच्या पन्हाळींत ओतलेला पारा अजून नदीच्या गाळात आहे. मासे पकडले तर खाण्याआधी सरकारी सूचना वाचा. मालकांच्या माहितीपत्रकात ‘मासेमारीचा आनंद घ्या’ आहे, ही सूचना नाही. हे लाकडापेक्षा गंभीर आहे, पण तुम्ही आता मला ओळखता.

पाऊस असेल तर ग्रास व्हॅलीची एम्पायर माइन बघा. 1850 ते 1956 चालली, बोगदे 367 मैल, सोनं 58 लाख औंस. तिथे कॉर्निश (इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या) खाणकामगारांची पेस्टी मिळते. आईचं मत: मोठी करंजी, पण सारणात मीठ कमी.

पुढच्या हिवाळ्याचा करार गेल्या आठवड्यात केला. भाडं 50 डॉलरने वाढवलंय. मी सरपणाच्या ओळीपुढे पेनाने ‘128 घनफूट, ओलावा 20 टक्क्यांच्या आत’ असं लिहून पाठवलं. सही होऊन आलंय. तरी मे महिन्यातच स्वतःचा अर्धा कॉर्ड वाळका ओक आणून पडवीत रचलाय, वर ताडपत्री, बाजू मोकळ्या. हा अर्धा कॉर्ड मी मोजूनच घेतला. विकणारा गालातल्या गालात हसत होता.