यूडीपी पॅकेटं घाऊक सोडायचीत: सेंडएमएमएसजी घ्यावं का जीएसओ?

लिनक्सवरून दर सेकंदाला ढीगभर यूडीपी पॅकेटं (पोच न मागता सोडून द्यायची ती) सोडणारा प्रोग्राम तुमच्याकडं आहे आणि टॉप कमांड लावून बघितलं की एक कोअर शंभर टक्क्यावर जाऊन बसलेला दिसतो, तर हे तुमच्यासाठीच आहे. सोलापुरात केबलवाले, ब्रॉडबँडवाले, कॅमेऱ्याचं काम करणारे अशा ज्यांना ज्यांना आयपीवरून व्हिडिओ पाठवायचाय त्यांचा प्रश्न फिरून हाच येतो की सेंडएमएमएसजी (एका दमात अनेक पॅकेटं पाठवणारा कॉल) लावू, जीएसओ (मोठं बफर देऊन लिनक्सकडून त्याची पॅकेटं पाडून घेणं) लावू, का सरळ आयओ-युरिंग (लिनक्सला कामांची रांग लावून द्यायची नवी पद्धत) शिकून घेऊ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका वेळी एकाच पत्त्यावर जाणारी किती पॅकेटं तुमच्या हातात तयार असतात ते मोजा. एकच असेल तर सेंडएमएमएसजी, पाच-सात किंवा जास्त असतील तर जीएसओ. बाकीच्या गोष्टींनी थोडाफार फरक पडतो पण निर्णय इथंच होतो.

आता का ते बघा. पॅकेट पाठवायच्या साध्या सेंडटू कॉलमध्ये एका पॅकेटला एक सिस्टिम कॉल, म्हणजे प्रत्येक वेळी कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, जा आणि परत या, आणि २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची चूक बाहेर आल्यावर जे पॅच आले त्यांनी ही ये-जा जुन्या प्रोसेसरवर अजून महाग केली. पण नुसती ये-जा म्हणजे सगळा खर्च नाही. आत गेल्यावर रूट बघायचा, बफर घ्यायचं, हेडर चिकटवायचं, फायरवॉलचे नियम तपासायचे, क्यूमध्ये टाकायचं, ड्रायव्हरकडं द्यायचं, हे सगळं पॅकेटमागं होतच असतं, आणि बऱ्याच मशीनवर हाच भाग ये-जापेक्षा मोठा निघतो.

सेंडएमएमएसजी लिनक्स ३.० पासून आहे, म्हणजे २०११ पासून. पॅकेटांची यादी करायची, प्रत्येकाला वेगळा पत्ता दिला तरी चालतो, आणि एका कॉलमध्ये १०२४ पर्यंत पाठवून द्यायची. वाचते ती फक्त ये-जा, आतला खर्च प्रत्येक पॅकेटला पूर्ण लागतो. जीएसओ २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ बरोबर आलं आणि त्याची रीत वेगळी आहे, तुम्ही एक मोठं बफर देता आणि सांगता की याचे १३१६-१३१६ बाइटचे तुकडे कर, मग ते अख्खं बफर एकच पॅकेट असल्यासारखं स्टॅकमधून (वर सांगितलेल्या कर्नलमधल्या सगळ्या पायऱ्यांमधून) खाली जातं आणि तुकडे शेवटी पडतात, नेटवर्क कार्डला जमत असेल तर कार्डातच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टला द्यायच्या असतील तर सेंडएमएमएसजी म्हणजे एका टेम्पोत पन्नास गाठी नेल्या पण पावती प्रत्येक गाठीची वेगळी फाडली, आणि जीएसओ म्हणजे पन्नास गाठींची एकच पावती. पण एक पावती कधी होते, माल एकाच पार्टीला जाणार असेल तेव्हा. जीएसओची अट तीच आहे, पत्ता एक, तुकडे सगळे एकाच मापाचे (शेवटचा लहान चालतो), आणि सगळं मिळून ६४ केबीच्या आत.

प्रत्यक्ष आकडे घालून बघू. व्हिडिओच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये १८८ बाइटची सात पाकिटं एका यूडीपी पॅकेटात बसतात, म्हणून १३१६. आठ एमबीपीएसचा चॅनेल म्हणजे सेकंदाला साधारण ७६० पॅकेटं, असे शंभर चॅनेल मल्टिकास्टनं (सर्व्हरनं एकदाच सोडायचं, नेटवर्क सगळ्यांना वाटतं) सोडले तर ७६ हजार, म्हणजे एका पॅकेटला १३ मायक्रोसेकंद मिळतात. बऱ्यापैकी सर्व्हरवर एवढं साधं सेंडटूसुद्धा ओढून नेतं, त्यामुळं मल्टिकास्टवाल्यांनी आधी मोजावं, उगाच कोड बदलू नये. कोअर तरी भरलेला दिसत असेल तर पर्फ (वेळ कुठं जातो ते दाखवणारं साधन) लावून बघा, कित्येकदा वेळ पॅकेट पाठवण्यात नाही तर एन्कोडिंगमध्ये किंवा लॉग लिहिण्यात जात असतो.

खरी अडचण युनिकास्टला, म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवायची असते तिथं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी अक्षता सोहळ्याचं लाइव्ह एकदम सगळं गाव बघायला बसतं, धरून चाला दोन हजार सेट-टॉप बॉक्स, चार एमबीपीएसचा स्ट्रीम, आणि मधलं नेटवर्क मल्टिकास्ट नेत नाही. प्रत्येक बॉक्सला सेकंदाला ३८० पॅकेटं, एकूण ७ लाख ६० हजार, एका पॅकेटला १.३ मायक्रोसेकंद. इथं एका कोअरवर सेंडटू झोपतं. सेंडएमएमएसजीला मात्र हा प्रकार अगदी मानवतो, कारण मजकूर सगळ्यांना तोच असतो, म्हणजे १३१६ बाइटचं बफर एकदाच भरायचं, यादीतल्या सगळ्या नोंदींनी त्याच बफरकडं बोट दाखवायचं आणि फक्त पत्ता बदलायचा. फायदा लगेच दिसतो, पण आतला खर्च तसाच असल्यामुळं तीन-चार थ्रेड, प्रत्येकाचं वेगळं सॉकेट, ही तयारी ठेवावीच लागते.

आणि इथंच जीएसओ पुढं निघून जातं, जर थोडा उशीर चालणार असेल तर. बॉक्सला सात-सात पॅकेटांचा गठ्ठा द्यायचा म्हटलं तर सात पॅकेटं साठायला १८ मिलिसेकंद लागतात, लाइव्हमध्ये एवढं कुणाला कळतसुद्धा नाही, आणि स्टॅकमधून जाणारे नग ७ लाख ६० हजारांवरून १ लाख ९ हजारांच्या आसपास येतात. वर आणि दोन्ही एकत्र करता येतात: सेंडएमएमएसजीच्या यादीत प्रत्येक नोंदीला कंट्रोल मेसेजमधून जीएसओचं माप लावायचं, मग एका कॉलमध्ये शंभर बॉक्स आणि प्रत्येकाला सात पॅकेटं. माझ्या मते व्हिडिओवाल्यांसाठी आज यापेक्षा चांगला सौदा नाही. उलट गेमचा सर्व्हर असेल, फोनची ऑडिओ असेल, तर पॅकेट साठवून ठेवणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं, तिथं साधं सेंडएमएमएसजीच बरं. आणि मोठी फाइल किंवा बॅकअप एकाच ठिकाणी यूडीपीनं ढकलायचा असेल तर विचारूच नका, १४७२ बाइटचे ४४ तुकडे एका कॉलला जातात, जीएसओच.

आता मोह आवरायची गोष्ट. १३१६ ची ४९ पॅकेटं एका कॉलमध्ये बसतात म्हणून ४९ पाठवू नका. ती तारेवर एकामागून एक चिकटून निघतात, सर्व्हरकडं दहा गिगाबिट, शेवटच्या बॉक्सचा पोर्ट शंभर मेगाबिट, आणि मध्ये कुणीतरी अपार्टमेंटच्या जिन्यात लावलेला स्वस्तातला स्विच, त्याचं बफर भरलं की पॅकेटं सांडतात आणि चित्रावर चौकोन चौकोन यायला लागतात. सर्व्हरवर सगळं हिरवं दिसतं, तक्रार ग्राहकाची येते. एफक्यू क्यू (लिनक्सची पाठवणीचा वेग आवरणारी रांग) लावून सॉकेटला वेगाची मर्यादा घालता येते पण त्या क्यूला जीएसओचा गठ्ठा एकच नग दिसतो, गठ्ठ्याच्या आतल्या पॅकेटांमध्ये ती अंतर पाडत नाही. म्हणून गठ्ठा लहान ठेवा, सात ते दहा पुरे, पहिल्या सातातच बराचसा फायदा पदरात पडलेला असतो.

दोघांच्या खोड्या वेगवेगळ्या आहेत. सेंडएमएमएसजी किती गेली तो आकडा देतं, शंभर दिली आणि साठ गेली तर ती चूक म्हणून कळत नाही, नुसते साठ परत येतात, उरलेली चाळीस तुम्हीच पुन्हा पाठवायची, आणि हे न तपासणारा कोड गुपचूप पॅकेटं गाळत राहतो. जीएसओ मात्र जुन्या कर्नलवर कार्डाला चेकसम ऑफलोड (चेकसम कार्डानंच काढायची सोय) नसेल तर सरळ ईआयओ ही चूक फेकतं, तुकडा एमटीयूपेक्षा (लाइनवर चालणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटापेक्षा) मोठा झाला तरी नाकारतं, ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीवर एमटीयू १४९२ असतो हे लक्षात ठेवा. तेव्हा जीएसओ नाकारलं गेलं की साध्या पद्धतीवर परत येणारी वाट कोडमध्ये पहिल्या दिवसापासून हवी.

आयओ-युरिंगबद्दल थोडक्यात. २०१९ ला लिनक्स ५.१ मध्ये आलं, सुंदर गोष्ट आहे, डिस्क आणि नेटवर्क दोन्ही एकाच लूपमध्ये हाताळायचं असेल तर घ्याच, पण निव्वळ यूडीपी पाठवण्यासाठी घेत असाल तर तेसुद्धा पॅकेटमागचा आतला खर्च कमी करत नाही, आणि डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या त्याचे कॉल डीफॉल्टनं अडवतात. एएफ-एक्सडीपी आणि डीपीडीके हा वेगळा प्रांत, कर्नलचा स्टॅक बाजूला ठेवायचा म्हणजे हेडर, एआरपी (आयपीवरून कार्डाचा पत्ता शोधणं) सगळं तुमच्या गळ्यात, सेकंदाला काही दशलक्ष पॅकेटांच्या खाली त्या वाटेला जायची गरज मला वाटत नाही.

भाषासुद्धा बघून घ्या. सी-मध्ये दोन्ही सरळ आहेत. गो-मध्ये नेट पॅकेजच्या बाहेरच्या आयपीव्ही४ लायब्ररीत राइटबॅच आहे, लिनक्सवर ते खाली सेंडएमएमएसजीच वापरतं. पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमध्ये सेंडएमएमएसजी नाहीच, पण जीएसओ चालतं, सेटसॉकऑप्टला लेव्हल १७, ऑप्शन १०३ आणि तुकड्याचं माप दिलं की झालं, त्यामुळं पायथनवाल्यांना तर निवडायचं कामच उरत नाही, एका ओळीत करून बघता येतं आणि नाही पटलं तर ती ओळ काढून टाकता येते.