डोनर मिळेल, पण आधी पैसे पाठवा

रक्त, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट मिळवून देतो म्हणणारा माणूस रक्तपेढीत पोचायच्या आधीच पैसे मागत असेल, तर सरळ फोन ठेवून द्या. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे. वेळ असेल त्यांच्यासाठी आमचं काय झालं ते लिहितो, कारण ही मंडळी करोनाबरोबर गेलेली नाहीत.

एप्रिल २०२१. पुण्यात बेड मिळत नव्हते, रेमडेसिव्हिरसाठी माणसं मेडिकलच्या दारात रात्र काढत होती. आमच्या दाजींना कसाबसा ऑक्सिजनचा बेड मिळाला आणि पाठोपाठ ताईच्या हातात चिठ्ठी आली: ‘प्लाझ्मा अरेंज करा. एबी पॉझिटिव्ह.’ अरेंज करा म्हणजे नेमकं काय करा, हे विचारायलाही कोणी जागेवर नसायचं.

प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आजारी माणसाला द्यायची, अशी ती कल्पना. पण डोनर सापडणं सोपं नव्हतं. बरं होऊन २८ दिवस झालेले हवेत, वजन ५० किलोच्या वर हवं, बाळंतपण झालेल्या बाईचा प्लाझ्मा घेत नसत. त्यात लस घेतली की पुन्हा २८ दिवस थांबा, आणि १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस सुरू झालेली. म्हणजे लस चांगली, पण डोनर आटले. आणि दाजींचा रक्तगट एबी. रक्त घेताना एबीवाला नशीबवान, त्याला कोणाचंही चालतं. प्लाझ्माचं गणित बरोबर उलटं. एबीच्या माणसाला एबीचाच प्लाझ्मा लागतो, आणि आपल्याकडे या गटाची माणसं शंभरात सात-आठ. हे उलटं गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भाचीने मेसेज तयार केला. दाजींचं नाव, वय, रुग्णालय, मजला, रक्तगट, ताईचा आणि माझा नंबर. तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून ऑफिसच्या, तिथून कुठे कुठे. फोन सुरू झाले. बहुतेक भली माणसं होती, ‘मिळाला का?’ एवढं विचारून ठेवणारी. मग संध्याकाळी एकाचा आला.

“दादा, पेशंट तिसऱ्या मजल्यावर आहेत ना? एबी पॉझिटिव्ह?” आवाज शांत, बोलणं अदबीचं. आमच्या मेसेजमधलीच माहिती तो आम्हाला परत सांगत होता, पण त्या वेळी वाटतं की याला सगळं माहीत आहे म्हणजे हा आतला माणूस. कुठल्याशा सेवाभावी संस्थेचं नाव त्याने घेतलं. एबीचा डोनर आहे, मुलगा श्रीरामपूरचा, गरिबाघरचा, काम सुटलंय. “तो काही मागत नाही हो, पण आपल्यालाच बरं दिसत नाही ना दादा.”

पहिले दोन हजार अँटीबॉडी टेस्टचे. मग साडेतीन हजार गाडीचे, कारण जिल्हाबंदी, ई-पास, ड्रायव्हर जास्त मागतोय. मग मुलाचे पाच हजार आगाऊ, त्याच्या घरचे अडून बसलेत म्हणून. प्रत्येक वेळी रक्कम अशी की त्या घडीला ‘जाऊ दे, देऊन टाक’ वाटावं. एकदम पंधरा-वीस हजार मागितले असते तर ताईने दहा जणांना विचारलं असतं. मधेच मुलाच्या रक्तगटाच्या कार्डाचा फोटो आला, त्यावर एबी पॉझिटिव्ह. ह्यूस्टनचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, “द्या की, इथे तर प्लाझ्माचे पैसे मिळतातच.” ते खरंच आहे. अमेरिकेत पैसे घेऊन प्लाझ्मा देणं कायदेशीर आहे, आठवड्यातून दोनदा देता येतो, पैसे सेंटर देतं, बहुधा कार्डावर. पण तो प्लाझ्मा औषधाच्या कारखान्यात जातो. अमुक वॉर्डातल्या तमुक पेशंटच्या नातेवाइकाकडून रोख घेऊन तिथेही कोणी खुर्चीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा खरोखर आला. इथे बहुतेकांची गोष्ट वेगळी असते, पैसे घेतले आणि फोन बंद. आमच्या एजंटचं डोकं थोडं पुढचं. रक्तपेढीच्या फाटकात मुलगा दिसला तोच फोन आला: “दादा, पोचला ना? आता राहिलेले आठ हजार टाका, म्हणजे तो निवांत बसेल.” समोर माणूस उभा आहे म्हटल्यावर ताईने टाकले. एकूण साडेअठरा हजार. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

मुलगा बावीस-तेवीसचा असेल. आत गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “पेशंट तुझे कोण?” तो म्हणाला, “मावसभाऊ.” दाजी पन्नाशीचे. “नाव काय मावसभावाचं?” त्याने मोबाईल काढला आणि मेसेज शोधायला लागला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याचं बोट टोचलं, काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन ठिपके ठेवले, एकात निळा थेंब टाकला, एकात पिवळा, एकात बिनरंगाचा, आणि काडीने ढवळून पट्टी हलवत राहिल्या. एबी असता तर निळ्या आणि पिवळ्या दोन्हीत रक्त फाटल्यासारखे कण दिसायला हवे होते. दोन्ही ठिपके गुळगुळीत. फक्त तिसऱ्यात गुठळ्या धरल्या.

“हा ओ पॉझिटिव्ह आहे,” बाई म्हणाल्या. मी म्हटलं, ओ तर सगळ्यांना चालतो ना? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून हा प्रश्न त्यांना रोज येत असावा. ओच्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींच्या विरोधातली प्रतिपिंडं असतात. तो एबीच्या पेशंटला दिला तर त्याच्याच रक्तपेशी फुटायच्या. आणि अँटीबॉडी टेस्टचे आगाऊ दोन हजार? दात्याच्या सगळ्या तपासण्या रक्तपेढी स्वतःच करते, बाहेरचा रिपोर्ट त्यांना चालतच नाही. जो खर्च असेल तो त्यांच्या बिलात येतो आणि पावती मिळते. राज्य सरकारने २०० मिलिच्या पिशवीला साडेपाच हजारांची मर्यादा आधीच्या सप्टेंबरमध्येच घातलेली होती. यातलं काहीही आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुलै २०२० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी प्लाझ्माच्या नावाने फसवणूक होतेय असं जाहीर बजावलं होतं, ती बातमीही मी नंतर वाचली. घरात आजारपण नसताना अशा बातम्यांवर कोणाची नजर थांबते?

बाहेर आल्यावर मी मुलावर भडकलो. तो घाबरला आणि मग जे बोलला त्याने माझा राग जागा बदलून बसला. श्रीरामपूर वगैरे काही नाही, तो चाकणहून मित्राच्या मोटारसायकलवर आलेला. एका हॉटेलात भटारखान्यात होता, हॉटेल बंद. फेसबुकवर जाहिरात पाहिली: ‘करोनातून बरे झालात? प्लाझ्मा द्या, पाच हजार मिळवा.’ नोंदणीचे पाचशे रुपये त्याच्याकडूनही घेतलेले. रक्तगट ओ आहे हे त्याने सांगितलं होतं, त्यावर उत्तर आलं, “ते आम्ही बघतो, तू फक्त नातेवाईक आहे म्हण.” कार्डाचा तो फोटो त्याने कधी पाहिलाच नव्हता. “काका, तुमच्याकडून मला काही मिळणार होतं का?” असं त्याने विचारलं. त्याला पेट्रोलचे दोनशे दिले. ताईला ते आवडलं नाही.

या धंद्याची खरी मेख मला तिथे कळली. आपल्याकडे रक्त विकायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते बंद झाले. त्यामुळे एजंट दोन्ही बाजूंना अशा जागी उभं करतो की कोणी तोंड उघडू नये. मुलाला वाटतं, मी पैसे घेऊन आलो, खोटं नातं सांगितलं, पोलिसांत कसा जाऊ? पेशंटच्या माणसांना वाटतं, आपणही पैसे देऊन प्लाझ्मा घेत होतो, आपल्यालाच विचारतील. आणि कोणाला ऑक्सिजन लावलेला माणूस सोडून चौकीत बसायला वेळ आहे? एजंटला हवी असते ती ही गप्प बसण्याची हमी. प्लाझ्माशी त्याचा संबंधच नसतो.

आम्ही तक्रार केली, उशिरा. यूपीआयवर दिसणारं नाव त्या माणसाचं नव्हतंच, खातं परराज्यातल्या कोणाचं तरी. पैसे पुढच्या खात्यांमध्ये पांगले होते. तक्रारीचा कागद घरात आहे, साडेअठरा हजार नाहीत. पैसे गेले की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आमच्या वेळी हा नंबर नव्हता, आता आहे, तेव्हा आधी तो फिरवा आणि रडारड नंतर करा.

दाजींना प्लाझ्मा शेवटपर्यंत मिळाला नाही. स्टिरॉइड आणि ऑक्सिजनवर हळूहळू सुधारले, घरी आले. १७ मे रोजी प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीतून काढल्याची बातमी आली, तेव्हा ते गॅलरीत बसून ती मोठ्याने वाचत होते आणि ताई आत भांडी आपटत होती. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष तर ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता: प्लाझ्माने ना आजार गंभीर होणं टळलं, ना मृत्यू. म्हणजे एप्रिलमध्ये चिठ्ठ्या निघत होत्या तेव्हा हे सहा महिने जुनं होतं. डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्या दिवसांत हाताला लागेल ते सगळेच करत होते. पण ‘अरेंज करा’ लिहिणाऱ्याने, रक्तपेढीतूनच मागवा, बाहेर कोणाला पैसे देऊ नका, एवढी एक ओळ खाली लिहिली असती तर बरं झालं असतं.

आता प्लाझ्मा नाही, तर प्लेटलेट आहेत, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. पावसाळा संपता संपता डेंग्यू सुरू होतो, काउंट वीस हजारांवर येतो, घरच्यांचे हातपाय गळतात आणि ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, तसाच नाव-मजला-नंबरसकट. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे घाई खरी असते आणि घाई खरी असली की भामट्याचं निम्मं काम झालेलं असतं. आमच्या ऑफिसातल्या एकीला गेल्या वर्षी असाच फोन आला. डोनर तयार आहे, नाशिकहून निघतोय, गाडीचे तीन हजार टाका. गाडीचे पैसे, दूरचं गाव, गरीब मुलगा: शब्दसुद्धा बदललेले नाहीत. मी तिला सांगितलं, त्याला म्हणावं तू आमच्या रक्तपेढीत ये, आम्ही तिथेच आहोत, जे काय द्यायचं ते काउंटरवर पावती घेऊन देऊ. तिने स्पीकरवर टाकून तसंच सांगितलं. तिकडून “ताई, विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरे पेशंट वाट बघतायत” असं आलं आणि फोन कट झाला. प्लेटलेट तिला त्याच संध्याकाळी ई-रक्तकोष या सरकारी वेबसाइटवर रक्तपेढ्यांमधला साठा बघून दुसऱ्या रक्तपेढीत मिळाल्या. मेसेजमधून पेशंटचं नाव आणि मजला मात्र तिने लगेच काढला. आता रक्तगट, रक्तपेढीचं नाव आणि रक्तपेढीचाच फोन नंबर, एवढंच ठेवते.