बिल १८ गेजचं, पत्रा २२चा

एका प्रीमियर पद्मिनीच्या दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजाखालचे लांब पोकळ पट्टे) आणि पुढचा फ्लोअर बदलल्याचं बिल असं होतं: १८ गेज (गेज म्हणजे जाडीचा नंबर) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा ८ बाय ४चे दोन, मिग वेल्डिंगची वायर ५ किलो, आर्गॉन मिक्स (आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण) गॅस एक सिलिंडर, झिंक प्रायमर. वरचा रंग झकास. चौथ्या महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा लॉकवर घासायला लागला आणि पहिल्याच पावसात मॅटखाली पाणी आलं. सिल उघडल्यावर आत ०.७ मिमीचा, म्हणजे २२ गेजचा, जीपी (जस्त चढवलेला) पत्रा निघाला आणि सांध्यावर दोन बोटं जाड लांबी (पुट्टी) भरलेली. अशीच बिलं कित्येक जुन्या गाड्यांच्या मालकांच्या हातात पडतात, म्हणून त्यातल्या एकेका ओळीबद्दल.

पहिली गोष्ट, गेजवर बोलणी करू नका. ‘२० गेज’ म्हणजे एका कोष्टकात ०.९१ मिमी, दुसऱ्यात जवळपास १ मिमी. दुकानदार सोयीचं कोष्टक काढतो. मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. किती मिलिमीटर, हे तुमचीच गाडी सांगेल: गंज न लागलेल्या जागी रंग दोन्ही बाजूंनी खरवडून मायक्रोमीटर लावा. नवा पत्रा मोजताना कडेपासून बोटभर आत मोजा. कातरीने कापलेल्या कडेला बर (कापताना उठलेली धार) असते, तिच्यावर व्हर्निअर लावला की पातळ पत्राही जाड दिसतो. हे मुद्दाम करणारेही आहेत.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा पुरतो. ८ बाय ४ फुटांचा १ मिमी पत्रा सुमारे २३.४ किलो भरतो, १.२ मिमीचा (१८ गेज) २८, ०.७चा १६.४. (मिलचा शीट १२५० बाय २५०० मिमी असेल तर १ मिमीला २४.५ धरा.) म्हणजे वरच्या बिलातले दोन शीट ५६ किलोचे हवे होते, आले ३३चे. पत्रा किलोने विकत घेऊन गिऱ्हाइकाला नगाने लावायचा, सगळा नफा तिथे आहे. पत्र्याच्या दुकानाची वजनासकट पावती मागितली की अर्धे लोक विषय बदलतात.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो: १.२च्या जागी ०.७ घातला तर पाचवा हिस्सा उरतो. दरवाजा उगाच घासत नाही. जुना सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगचे टाके मारून लावला होता का, हेही विचारा. तो नसेल तर चांगला पत्रासुद्धा वाकड्या गाडीवर बसतो.

सीआरच्या जागी जीपी का घालतात? दुकानात पडलेला असतो आणि ‘गंजणार नाही साहेब’ असं सांगून खपतो. वेल्ड करताना जस्ताची वाफ होते, ती वितळलेल्या धातूत अडकून पिनहोल (सुईएवढी भोकं) पडतात आणि सांध्याजवळचं जस्त तर जळूनच जातं. पांढरा धूर घेतलेल्या वेल्डरला संध्याकाळी हुडहुडी भरते. त्यावर दूध पाजण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग शून्य. ओळखायला सोपं: थिनरने तेल पुसा आणि मोरचूदाच्या पाण्याचा बोळा फिरवा. साध्या पोलादावर लगेच तांब्याचा लालसर थर येतो, जस्त असेल तर काळं पडतं.

आयएस ५१३ या सीआर पत्र्याच्या भारतीय मानकात सीआर१, सीआर२ अशा सीआर५पर्यंत प्रती आहेत. सिल आणि फ्लोअरच्या सरळ घड्यांना सीआर१ किंवा सीआर२ चालतो. मडगार्डच्या गोलाईला सीआर३-सीआर४. सपाट तुकड्याला ‘डीप ड्रॉइंग’चा (खोल आकार ओढता येणाऱ्या पत्र्याचा) भाव लावला असेल तर पैसे फुकट गेले. प्रतीची शंका आली तर पट्टी कापून आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी पूर्ण दुमडा. घडीवर चीर दिसली तर परत करा.

वायर आणि गॅसमध्ये तर सरळ आकडेच खोटं पकडतात. अशा पत्र्याला ०.८ मिमीची ईआर ७०एस-६ प्रतीची वायर लागते, दहा मीटर सांध्याला अर्धा-पाऊण किलो. दोन सिल आणि अर्ध्या फ्लोअरला ५ किलो कशी संपेल? गॅसचंही तेच. ७ घनमीटरचं सिलिंडर मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास चालू आर्कला पुरतं. या कामात आर्क तासा-दोन तासांच्या वर जळत नाही. वापरलं तेवढ्याचेच पैसे द्या.

मिक्स म्हणून नुसता सीओटू देणं हा जुना खेळ. भरलेल्या मिक्सच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा १५० बारच्या आसपास दाखवतो आणि काम होईल तसा उतरतो. सीओटू आत द्रवरूप असतो, त्यामुळे काटा ६०-७०वर जाऊन तिथेच बसतो, द्रव संपेपर्यंत हलत नाही. तसा काटा दिसला तर ते मिक्स नाही. नागपूरच्या मे महिन्यात मात्र या खुणेवर जाऊ नका: ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहत नाही आणि दाब बराच चढतो. सीओटू घ्यायचाच असेल तर वजनाने घ्या, रिकाम्याचं वजन सिलिंडरच्या मानेवर कोरलेलं असतं. तो चालतो, पण स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) जास्त आणि पातळ पत्र्याला भोकं लवकर.

प्रायमरच्या आधी गाडी स्वतः पाहायला जा, हे बिलाआधी ठरवून ठेवा. अंधारात सिलच्या आत दिवा सोडला की पिनहोल चमकतात. फ्लोअरच्या सांध्याला एका बाजूने चुन्याचं पाणी वाळवा, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावा. डाग उमटला तिथे गळती. रॉकेल पूर्ण पुसल्याशिवाय तिथे पुन्हा वेल्ड नको. आणि कापलेले जुने तुकडे, उरलेला नवा पत्रा, वायरचं रीळ, सगळं डिकीत भरून घरी आणा. तुकड्यांची जाडी घरी शांतपणे मोजता येते.