लोगोतलं पान आणि डब्यातली पूड

लोगो बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून हे सांगताना लाज वाटतेय, पण सांगते.

फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या लोगोत ई आणि एक्स यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक बाण दडलाय. लिंडन लीडर यांनी १९९४ साली तो लोगो केला. शिकायला येणाऱ्या मुलांना मी तो दाखवतेच. आधी कुणाला दिसत नाही. एकदा दिसला की चेहरा खुलतो, आणि शोधणाऱ्याला वाटतं, बाण आपल्यालाच सापडला. या आनंदापायी माणूस किती भोळा होतो, हे मला शिकवून कळलं नाही, फसून कळलं.

तो डबा ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या पुडीचा. लोगो म्हणजे काळा थेंब, त्यात पांढरी मूत्रपिंडांची जोडी, आणि डबा उलटा धरला की तीच दोन पानं! मी डबा चारदा उलटासुलटा केला. इतका विचार करणारी माणसं मालही विचार करूनच बनवत असणार, असं मनानं परस्पर ठरवून टाकलं. शेजारी गोल शिक्का होताच : 'शुद्ध, नैसर्गिक, प्रमाणित'. रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा, शरीरातली सगळी विषं बाहेर, असा दावा.

मला थायरॉइड आहे. गोळीही उपाशीपोटीच. दोन्ही एकदमच घ्यायला लागले.

तिसऱ्या आठवड्यापासून थकवा, बद्धकोष्ठ, दुपारी डोळे मिटायला लागले. कंपनीला विचारलं तर उत्तर तयार : "विषं बाहेर पडताना असं होतंच, सोडू नका." सोडलं नाही. दोन महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच वर गेलेलं, म्हणजे शरीराला थायरॉइडचं संप्रेरक कमी पडत होतं. डॉक्टर गोळीचा डोस वाढवणारच होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गोळीबरोबर आणखी काय घेता?"

मग त्यांनी समजावलं. या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो. पोटात जे सापडेल त्यातलं पुष्कळसं त्याला चिकटतं. म्हणूनच काही विषबाधांत तो दवाखान्यात देतात, तोही लवकरात लवकर. पण विष कोणतं आणि औषध कोणतं, हे त्याला कळत नाही. माझी गोळी तोच धरून बसत होता. वर, तो आतड्यातून रक्तात जातच नाही, रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आपली आपण करतात. म्हणजे लोगोतली जोडी नुसती शोभेची! न्यूयॉर्क शहरात २०१८ साली खाद्यपदार्थांत हा चारकोल घालायला मज्जाव झाला होता, हेही मला मागाहून कळलं.

घरी येऊन भिंगाखाली डबा धरला. मागे, काळ्यावर गडद करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं : 'औषधांपासून दोन तास अंतर ठेवावे.' अशी अक्षरं कशी दडवतात ते मला ठाऊक आहे. ग्राहकानं सांगितलं म्हणून मीही एकदोनदा दडवली आहेत.

मग शिक्का पाहिला. प्रमाणित, पण कुणी? संस्थेचं नाव नाही, क्रमांक नाही. आणि रेषेची जाडी, टोकांचा गोलवा, सगळं थेट लोगोसारखं. एकाच हातानं, बहुधा एकाच दुपारी काढलेलं. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं, पण मी पानं शोधण्यात दंग!

तुमच्याकडे असा डबा असेल तर शिक्का देणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक शोधा, आणि तो क्रमांक त्या संस्थेकडेच पडताळा. कंपनीला विचारून उपयोग नाही. रोजची गोळी चालू असेल तर डबा उघडण्याआधी औषधवाल्याला किंवा डॉक्टरला दाखवा.

पूड बंद केल्यावर त्याच डोसवर सहा आठवड्यांनी टीएसएच खाली आलं. पैसे परत मागितले, तर कंपनीनं लिहिलं : "सदर शिक्का हा वेष्टनाच्या सजावटीचा भाग असून तो प्रमाणपत्र असल्याचा आमचा दावा नाही."