मेंदीने लालभडक झालेल्या केसांवर इंडिगो पावडर, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पावडर आईच्या केसांसाठी घेतली होती. गणपतीच्या आधी सुरू केलं, आता संक्रांत होऊन गेली, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकते. आईचे केस जवळजवळ सगळे पांढरे आहेत, डाय लावला की तिच्या कानामागे पुरळ येतं म्हणून ती कित्येक वर्षं फक्त मेंदीच लावते, आणि पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी म्हणजे मुळाशी नारिंगी आणि टोकाला थरावर थर बसून मरून रंग. उन्हात तर बघवत नव्हतं. तिला याचं खरंच वाईट वाटायचं, कुठे लग्नाला जायचं म्हटलं की आधी केसांचा विषय. पार्लरमध्ये विचारलं तर ब्लीच करून नवा रंग लावू म्हणाले, त्याला मी सरळ नाही म्हटलं.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. मेंदीतलं रंगद्रव्य केसातल्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याला, धरून बसतं, ते दही, लिंबू, तेल यांनी निघत नाही, झालंच तर जरासं फिकट होतं. म्हणजे लाल काढायच्या मागे न लागता त्याच्यावर दुसरा रंग चढवायचा. नारिंगीला मारतो निळा, दोन्ही मिळून ब्राऊन दिसतं, म्हणून इंडिगो. कपड्यांना घालतो ती नीळ नाही हं, ती पूर्ण वेगळी वस्तू आहे. ही नीळीच्या झाडाच्या पाल्याची हिरवट पूड असते, पाकिटावर त्या झाडाचं शास्त्रीय नाव, इंडिगोफेरा टिंक्टोरिया, एवढंच लिहिलेलं हवं. 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, म्हणजे डायमध्ये असतं तेच, ज्यांना डाय सोसत नाही त्यांनी ते घेऊच नका.

कालवायची पद्धत मेंदीच्या अगदी उलट आहे. मेंदी आपण रात्रभर भिजवतो, चहाचं पाणी, लिंबू घालतो, इथे त्यातलं काहीच नाही. फक्त कोमट पाणी, दह्याएवढं दाट, १०-१५ मिनिटं झाकून ठेवायचं, वर निळसर झाक आली की लगेच लावायला घ्यायचं कारण नंतर जोर कमी होत जातो. केस शाम्पूने धुतलेले हवेत, तेलाचा थेंब नको. वर शॉवर कॅप, तास-दीड तास, मग नुसत्या पाण्याने धुवायचं आणि दोन दिवस शाम्पू लावायचा नाही. हातमोजे घालाच. वास उकडलेल्या पालेभाजीसारखा येतो, आईला तो आजही आवडत नाही.

पहिल्या संध्याकाळी केसांवर हिरवट छटा होती, आई घाबरली, आत्ताच्या आत्ता धुऊन टाक म्हणाली. पण इंडिगो हवेत हळूहळू पक्की होते, दुसऱ्या दिवशी गडद व्हायला लागलं आणि त्याच्या पुढच्या दिवशी छान डार्क ब्राऊन, उन्हात किंचित तांबूस. मला तर काळ्याकुळकुळीत रंगापेक्षा हेच तिच्या चेहऱ्याला जास्त शोभतं असं वाटतं. टोकाचा मरून भाग सगळ्यात चांगला झाकला गेला. कानशिलाजवळचे केस मात्र हट्टी आहेत, तिथे पहिल्या वेळी रंग नीट बसला नाही, आता तिथे आधी लावते आणि शेवटी अजून एक थर देते.

आता महिन्यातून एकदा फक्त मुळांना, आधी मेंदी, ती धुतली की त्याच दिवशी इंडिगो. मेंदी वगळू नका, पांढऱ्यावर नुसती इंडिगो लावली तर निळसर हिरवट दिसतं. दोन्ही एकत्र कालवूनही लावतात, पण आईच्या केसांवर वेगवेगळी लावूनच रंग गडद आला. पूर्ण केसांना दर वेळी मेंदी लावणं बंद केलं हे फार महत्त्वाचं, त्या थरांमुळेच तर टोकं एवढी लाल होत होती.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. इंडिगो मेंदीपेक्षा लवकर उतरते, तीनेक आठवड्यांनी कपाळाजवळ परत लाली डोकावते. केस कोरडे होतात, दोन दिवसांनी तेल लावावंच लागतं. उशीच्या अभ्र्याला सुरुवातीला निळे डाग पडतात, जुना टॉवेल अंथरा. आणि सगळं मिळून अर्धा दिवस जातो, थंडीत डोकं गार पडतं म्हणून आम्ही दुपारी उन्हाच्या वेळीच करतो. पावडर ताजी हवी, उघडं राहिलेलं पाकीट वापरलं त्या वेळी रंग अगदीच फिका आला, तेव्हापासून उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

पहिल्यांदा लावणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट बघा, झाडपाल्याची असली तरी कोणाला तीही सोसत नाही. आणि ज्यांना पुढेमागे केस फिकट करायचेत, हायलाइट्स वगैरे, त्यांनी या वाटेला जाऊ नका, इंडिगोवर ब्लीच मारलं तर केस हिरवे पडू शकतात आणि ते निस्तरणं लालपेक्षा कितीतरी अवघड आहे.