अंबडची छोटी गॅस भट्टी : खोका पक्का, अस्तर कच्चं

सुऱ्या घडवायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक छोटा फॅब्रिकेटर एका बर्नरची गॅस भट्टी बनवून विकतो. वेल्डिंग सफाईदार आहे, बर्नर तर अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. तरीही ती मिळते तशी पेटवू नये. जे वरून दिसतं त्यावर मेहनत घेतलीय आणि जे दिसत नाही तिथे, म्हणजे अस्तरात, हात आखडलाय. रेग्युलेटर तर सोबत येतच नाही, त्यामुळे सांगितलेली किंमत खऱ्या खर्चापेक्षा कमी वाटते.

आधी मापं. ३ मिमी लोखंडी पत्र्याचा गोल खोका, आतला व्यास २५ सेंमी, लांबी ३५ सेंमी. त्यात २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे (उष्णता रोखणाऱ्या मऊ गादीचे) दोन थर. त्यावर उष्णतारोधक लेप, म्हणजे कोट, चढवल्यावर आत साधारण १४ सेंमी व्यासाची आणि ३० सेंमी खोल पोकळी उरते, म्हणजे जवळपास साडेचार लिटर. पाऊण इंची बर्नरला हे माप आरामात झेपतं. भाजीच्या सुरीपासून आठ इंची शेफ नाइफपर्यंत सगळं बसतं. बाकदार कोयता मात्र फिरवायला अडचण होते. मागच्या बाजूला चौकोनी भोक ठेवलंय ते बरं केलं, लांब पट्टी आरपार सरकवता येते. काम नसताना त्यात विटेचा तुकडा बसवा, नाहीतर उष्णता तिथूनच पळते.

बर्नर हवा स्वतःच ओढणारा आहे, ब्लोअर लागत नाही. नळी काळ्या एमएस (साध्या लोखंडी) पाइपची आहे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नाही हे तपासूनच घ्यावं, कारण तापल्यावर जस्ताचा धूर सुटतो आणि तो अंगावर बेततो. जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, म्हणून मिग वेल्डिंगचा कॉन्टॅक्ट टिप वापरलाय, भोक सुमारे ०.९ मिमी. टोकाचा फ्लेअर (नळीचं पसरट तोंड) ३०४ स्टेनलेसचा आणि सरकवून बसवलेला. तो कालांतराने पापुद्रे सुटून झडणारच, पण बदलायला सोपा आहे. बर्नर वरून थोडा तिरका लावल्यामुळे ज्वाळा भिंतीला धरून गोल फिरते, थेट पात्यावर आदळत नाही. नळीच्या मध्यावर जेट आहे का, हे मात्र डिलिव्हरी घेताना मागून डोळा लावून बघा. जेट जरा जरी कललं तरी ज्वाळा एका अंगाला जाते आणि भट्टीचा अर्धा भाग काळपट राहतो. सांध्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळलाय. आत शिरलेला त्याचा एखादा तुकडा जेट बुजवतो, म्हणून पहिल्यांदा पेटवण्याआधी जेट काढून फुंकून घ्या.

आता अस्तर. ब्लँकेट १२६० अंशांच्या ग्रेडचं, घनमीटरला १२८ किलो घनतेचं आहे, म्हणजे माल योग्य आहे. पण त्यावर पातळ पांढरा वॉश मारून ‘कोटिंग केलंय’ असं सांगितलं जातं. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. असं उघडं ब्लँकेट दोन कारणांनी चालत नाही. एक, त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. दीर्घकाळ हजार अंशांच्या आसपास तापलेल्या ब्लँकेटमध्ये तर क्रिस्टोबलाइट तयार होतं, जे सिलिकाचं घातक रूप आहे. दुसरं, तापलेला टाकणखार (पोलादाचे तुकडे जोडताना टाकतात तो बोरॅक्स) त्यावर सांडला की गरम चाकू लोण्यात जावा तसा तो आरपार जातो. तळाला ठेवलेली मऊ इन्सुलेशन वीटही त्याच्यापुढे टिकत नाही. तिच्या जागी हाय अॅल्युमिना फरशी किंवा कुंभारकामाच्या भट्टीतली शेल्फ कापून ठेवा.

म्हणूनच आमचा सल्ला : फॅब्रिकेटरकडून फक्त खोका, पाय आणि बर्नर घ्या, अस्तर स्वतः लावा. ब्लँकेटचा रोल ६१ सेंमी रुंद येतो. त्यातून ८० सेंमी लांबी कापली की ३०–३० सेंमीच्या दोन पट्ट्या निघतात. बाहेरच्या थराला पूर्ण ८० सेंमी लागते. आतल्या थराला ६४ पुरे. मागच्या भिंतीच्या दोन चकत्यांसाठी आणखी २५ सेंमी, म्हणजे सव्वा मीटरची मागणी दिलीत तर थोडं उरेलच. पट्टी घेराच्या मापापेक्षा सेंटिमीटरभर मोठी कापायची, म्हणजे ती दाबून बसते आणि सांधा उघडत नाही. दोन्ही थरांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. कापताना एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या आणि हातमोजे. नुसता रुमाल बांधून भागत नाही.

मग कोलॉयडल सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं पातळ द्रव) फवारून ब्लँकेट कडक करायचं आणि ते सुकल्यावर, पुन्हा पाण्याने ओलसर करून, कास्टेबल रिफ्रॅक्टरीचा (पाण्यात कालवायच्या उष्णतारोधक मिश्रणाचा) ५–६ मिमी थर हाताने लिंपायचा. तीन किलो पुरतं. ओलसर न करता लिंपलं तर ब्लँकेट कोटातलं पाणी शोषून घेतं आणि कोट भेगाळतो. चोवीस तास सावलीत वाळवा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. त्यानंतर लगेच पूर्ण आच देण्याची घाई करू नये. आधी मिनिटभर पेटवून बंद, गार झाल्यावर पाच मिनिटं, मग दहा. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की कोटाचे पापुद्रे फटाफट उडतात.

गॅसबद्दल विक्रेता गप्पच असतो. इंटरनेटवरच्या बहुतेक भट्ट्यांचे आकडे शुद्ध प्रोपेनचे असतात. आपल्या एलपीजीत ब्युटेनही असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन जेमतेम उणे अर्ध्या अंशाला. सिलिंडरमधून गॅस ओढला की आतलं द्रव थंड होत जातं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या पहाटेच्या गारठ्यात पाच किलोचं सिलिंडर बघता बघता बर्फाळतं आणि दाब कोसळतो. एकोणीस किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्या, परात-टपात साध्या पाण्यात उभं ठेवा. गरम पाणी किंवा शेगडी जवळ नेऊ नका. स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरणं बेकायदा आहे. तिथला रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार देतो, त्यावर हा बर्नर हवा ओढतच नाही, ज्वाळा नळीत मागे सरकते. ० ते २ बारचा, मीटर असलेला हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो आणि नळीही हाय प्रेशर एलपीजीचीच. जोडणीनंतर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचंच.

कोट पक्का झाल्यावर अर्ध्या बारवर भट्टी चांगली चालते, खप ताशी पाऊण किलोच्या आसपास. चोक (बर्नरच्या मागची हवेची झडप) असा लावा की तोंडातून नारिंगी ज्वाळेची छोटी जीभ बाहेर येईल. ती फूटभर लांब आली तर हवा कमी पडतेय. अजिबात नाही आणि आवाज कर्कश, तर हवा जास्त, पात्यावर पापुद्रा जाड चढेल. जीभ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही आलाच. सिडकोतल्या बंगल्याच्या बंद गॅरेजमध्ये ही भट्टी लावायची नाही. दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी जागा हवी, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जवळ गटाराचं भोक किंवा खड्डा नको.

घडाईला भट्टी उत्तम, पाणी द्यायला (पातं तापवून झटकन गार करून कडक करायला) मध्यम. बर्नरखालचा भाग बाकीच्यापेक्षा जास्त तापतो आणि पात्याचं टोक आधी जळतं. उपाय स्वस्त आहे : आत चौकोनी एमएस पाइप ठेवा, तो एकसारखा लाल झाला की पातं त्यात सरकवा. पातं ७७० अंशांना पोचलं की लोहचुंबक त्याला चिकटत नाही. त्यानंतर आणखी थोडं, ८१५–८२० पर्यंत, आणि मग ५०–६० अंशांच्या तेलात. साध्या कार्बन पोलादाला, म्हणजे ईएन-४२जे पट्टीला, हे जमतं. ईएन-३१ ला, म्हणजे बेअरिंगच्या पोलादाला, ८४५ अंशांवर दहाएक मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, ते के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि डिस्प्लेशिवाय इथे नेमकं होणार नाही.

भट्टीबरोबर गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा ‘सरावाला’ फुकट मिळतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या गॅरेजांतही असे जुने पाटे मिळतात. घाव घालायचा सराव त्यावर खुशाल करा, पण सगळे पाटे एकाच ग्रेडचे नसतात आणि वापरलेल्या पाट्यात केसासारख्या भेगा असू शकतात, ज्या पाणी दिल्यावरच दिसतात. विकायची सुरी असेल तर ग्रेडची चिठ्ठी असलेली नवी पट्टी घ्यावी.

ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहून मागा : अस्तर न लावलेला खोका, ब्लँकेटही त्याच्याकडूनच घेत असाल तर रोलवरचं ग्रेडचं लेबल, आणि दोन जादा जेट. बर्नर बंद केल्यावर भट्टीची ऊब नळीतून वर चढते आणि टिप काळवंडतो, म्हणून गॅस बंद होताच चोक पूर्ण लावून घ्या. त्यातूनही भोक मोठं झालं तर घासून-पुसून चालवू नका, नवीन जेट बसवा.